तेल लावलेले करंडे

केशवापूर, हुबळी
मंगळवार, ता. २ फेब्रुवारी १९८२

चि. प्रभंजन भावजी यांस वहिनीचे आशीर्वाद.

तुम्ही बेंगळूरहून पाठवलेलं पार्सल काल पोचलं. आत निघालं ते असं: इरकली खण एक, हिरव्या बांगड्या डझनभर (एक पिचलेली), बेदाणे पाव किलो, पाळण्यावर टांगायची लाकडी चिमणी एक. वर तिकिटं सहा रुपये चाळीस पैशांची. पोस्टमनने घरापर्यंत आणलं म्हणून त्याला चहा दिला, तो हिशेबात धरत नाही. हे सगळं आमच्या कमळच्या डोहाळजेवणासाठी, हे समजलं. पण चिठ्ठी नव्हती. दोन वर्षांनी तुमचं अक्षर घरात आलं, तेही पुठ्ठ्यावर.

ह्यांनी पुठ्ठा फिरवून पाहिला. "कुणाकडून?"

"कमळच्या काकांकडून."

ते हात धुवायला गेले. तुमचे अण्णा आहेत तसेच आहेत.

डोहाळजेवण धारवाडला तिच्या सासरी, ५ मार्चला, शुक्रवारी. विहीणबाई जयलक्ष्मीबाईंकडे पहिली ओटी मुलीच्या आईने भरायची रीत आहे. कमळला सातवा लागला. पाय सुजतात, बाकी ठीक.

पत्राचं कारण मात्र दुसरं आहे. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी करंडे लुटले. तुमच्या शकुंतलेच्या पितळी करंड्यावरून तुम्ही साच्याची डाय करवून घेतली होती ना, तिच्यातले. ती वारल्यावर तुम्ही त्या डायमधून मोजकेच काढलेत आणि विकू दिले नाहीत. तुम्ही बेंगळूरला गेलात, डाय इथेच राहिली. ह्यांनी या दिवाळीपासून परसातल्या शेडमध्ये तेच काम धरलं. प्लास्टिकचे, पण काचेसारखे पारदर्शक, झाकणावर पाकळ्या. आठवणीने गलबलतं, पण दिसतात सुरेख. घरचाच माल, म्हणून वाणालाही तेच घेतले. मी एकेक पुसून त्याला खोबरेल तेलाचं बोट लावलं, मग कुंकू भरलं. सासूबाई सांगायच्या, कोरडं वाण सवाष्णीच्या हाती ठेवू नये. माझ्या जावेने, शकुंतलेनेही ते पाळलं होतं.

पलीकडच्या अंबूताई तुम्हाला आठवत असतील. रथसप्तमीच्या आधी त्या दुपारच्या आल्या, पदराखाली काहीतरी धरून. ऐन दुपारी त्या कधी येत नाहीत.

"चंद्रक्का, हे बघ."

करंडा उभा तडकला होता. कुंकू फटीतून झिरपून त्यांच्या बोटांना लागलं होतं.

मी म्हटलं, "पडला असेल हो."

"कपाटाला कुलूप होतं. जेवून पाठ टेकली होती मी. आत टच्‌ झालं. उंदीर म्हणून उघडलं तर हा. एकटाच बसल्या जागी तडकला गं."

मी दुसरा देऊ केला. त्यांनी हात मागे घेतला. "ब्याड चंद्रक्का, ब्याड. नको आता."

मग कोपऱ्यावरच्या मास्तरीणबाईंचा. मग विद्यानगरला माझी मावसबहीण राहते तिचा. सगळे दुपारचे, सगळे बंद जागी. आणि भावजी, तडा सगळ्यांचा एकच. तळाशी जिथून रस आत शिरतो तिथे बारीक गाठ राहते, तुम्ही तिला बेंबी म्हणत होता. तिथून निघतो आणि सरळ वर चढतो. कुणी नखाने रेघ ओढावी तसा.

बायका माझ्यासमोर बोलत नाहीत. पण कुंकवाचा करंडा आपोआप फुटणं म्हणजे काय, हे त्यांना सांगावं लागत नाही आणि मलाही नाही. एकीने म्हटलं म्हणे, ज्या बाईच्या करंड्यावरून हे केले तिला ते पसंत नाही.

तुम्ही जाताना फाटकाशी उभं राहून म्हणाला होता, "ह्यातलं एकही टिकणार नाही, अण्णा." मी मोरीत भांडी विसळत होते. ऐकलं नाही असं आजवर धरून चालले. आता विचारते. तो शाप होता का? असला तर भावाभावांत काय ते असू द्या, पण हे करंडे सवाष्णींच्या घरोघरी गेले आहेत. त्यांच्यापुरता तरी मागे घ्या.

तुमची वहिनी,
चंद्रभागा


केशवापूर, हुबळी
सोमवार, ता. ८ फेब्रुवारी १९८२

चि. प्रभंजन भावजी यांस आशीर्वाद.

कार्ड मिळालं. असल्या गोष्टी उघड्या कार्डावर लिहू नका. आमचा पोस्टमन आधी वाचतो, मग तोंडाकडे बघत देतो.

शाप नव्हता असं तुम्ही लिहिलंत. देवापुढे कार्ड ठेवून नमस्कार केला. पण पुढे नुसते प्रश्नच आहेत: अण्णा डाय गार करतात का, करंड्यांना काही लावलं होतं का, गोदामातल्या मालाचं काय. ह्यांना विचारायची सोय नाही, म्हणून धान्य निवडायच्या निमित्ताने शेडच्या दारात बसले आणि पाहिलं ते लिहिते.

प्लास्टिकचा दाणा वितळला की हे मशीनचा दांडा सगळं अंग टाकून ओढतात. रस डायमध्ये गेला रे गेला की डाय उचलून हौदाच्या पाण्यात बुडवतात. फस्स करून वाफ येते. लगेच उघडून करंडा बाहेर, आणि तशीच गार, ओली डाय नुसती पुसून पुन्हा मशीनखाली. तुम्ही डाय आधी शेगडीवर ऊन करून घेत होता, आणि दांडा धरून देवाची बारा नावं होईपर्यंत थांबत होता, हे मला आठवतं. त्यावरूनच तुमची वादावादी व्हायची. हे म्हणायचे, "तू पूजा करतोस की धंदा?" आता तासाला तुमच्या तिप्पट निघतात. दिसायला काही फरक नाही.

लावलं काय होतं, तर तेल. ते मागच्या पत्रात आहेच.

गोदामातल्या मालाचं विचारलंत, तिथे माझं मन खचलं. गोदामातला एकही तडकलेला नाही. पोती उघडून पाहिली. कोप्पीकर रोडच्या दुकानांत गेलेलाही धड आहे. तडकले ते फक्त मी हात लावलेले.

हे मी कुणाला बोलले नव्हते. पण बायकांनीही मेळ घातलाच. अंबूताईंचे यजमान स्कूटरवरून पडले, मांडीचं हाड मोडलं. मी पेज घेऊन दवाखान्यात गेले. अंबूताईंनी डबा घेतला, पण पलंगाच्या आणि माझ्या मध्ये उभ्या राहिल्या. मी पुढे सरकले तशा त्याही सरकल्या. मी घरी आले. डबा दुसऱ्या दिवशी आला, घासलेला. पेज त्यांनी घेतली की गाईला घातली, विचारलं नाही. हल्ली कुणाला कुंकू लावायची वेळ आली की माझं बोट कपाळाजवळ जाऊन थांबतं.

ह्यांचं म्हणाल तर त्यांनी काहीच म्हटलेलं नाही.

आणखी एक लिहायचं की नाही, दोन दिवस ठरत नव्हतं. दिवेलागणीला मी मागच्या पडवीतली काळी कडप्प्याची फरशी पुसते. परवा फरशी ओली होती आणि एक रिकामा करंडा मी काठावर ठेवला होता. वर आभाळ निवळ होतं. करंडा पाण्यासारखा पांढरा, त्यात रंगाचा ठिपका नाही. आणि खाली ओल्या फरशीतल्या त्याच्या प्रतिबिंबात रंग होते. जांभळा, हिरवा, पिवळा, बेंबीभोवती वळ्यावळ्यांनी, मोराच्या पिसातल्या डोळ्यासारखे. वर पाहिलं तर काही नाही. खाली पाहिलं की डोळा. मी करंडा फिरवला तसा तोही फिरला. मी देवाचं नाव घेत घरात आले. फरशी तशीच ओली राहिली.

तिथे कारखान्यात तुम्ही असलं काही पाहिलं आहे का? की मला दिसतं आहे? पाकिटातून लिहा.

वहिनी


केशवापूर, हुबळी
शनिवार, ता. २० फेब्रुवारी १९८२

चि. प्रभंजन भावजी यांस अनेक उत्तम आशीर्वाद.

रजिस्टर पाकीट पोचलं. काळसर पारदर्शक पट्ट्या दोन, त्या कशा धरायच्या त्याचं चित्र एक, आणि तुमचं पत्र. पत्र मी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, आणि मग स्वयंपाकघराचं दार लावून रडले. "वहिनी, तुम्हाला दिसलं ते खरं आहे आणि ते भूत नाही," एवढं वाक्य तुम्ही पहिल्याच ओळीत लिहिलंत, देव तुमचं भलं करो.

मला समजलं ते असं. वितळलेल्या दाण्यात लांब लांब धागे असतात. जोराने रेटले की ते वाहण्याच्या दिशेने ताणले जातात. डाय ऊन असली आणि थांबलं, तर ते सैल होऊन नीट बसतात. डाय गार असली की टेकल्या जागी गोठतात, ओढलेले ते ओढलेलेच. वरची साल गोठलेली आणि आतला गाभा आकसायला बघतो. मी पापडावरून समजून घेतलं: कडक उन्हात टाकला की वरून वाळतो, आतून ओला, आणि मग ओढून वाकडा होतो. पापड वाकून मोकळा होतो. करंड्याला वाकता येत नाही. तो ताण धरून बसतो, वरून हसऱ्या चेहऱ्याने. तेलाचं बोट लागलं की ते जिरतं, आणि जिथे ओढ जास्त, तिथून, म्हणजे बेंबीपासून, धाग्यांच्या मधून फाटत जातो. रंग दिसतात ते त्या ओढीचेच. निवळ आभाळाचा उजेड आणि ओली फरशी मिळून तुमच्या या पट्ट्यांचंच काम करतात.

पट्ट्यांमध्ये धरून पाहिले. गोदामातले सगळेच्या सगळे रंगलेले! म्हणजे धड दिसणारेही आतून तसेच होते. फक्त त्यांना तेल मिळालं नव्हतं. तरी मन म्हणालं, चंद्रभागे, तेल तरी तुझ्याच बोटाचं ना. म्हणून एक गोदामातला चिमट्याने उचलला, वात तेलात बुडवून वातीनेच फिरवली. बोट लागू दिलं नाही. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दुपारी मी कोथिंबीर निवडत होते आणि फळीवरून टच्‌ आलं.

हसाल तुम्ही, मी टाळी वाजवली.

मग तुम्ही लिहिलंत तसं केलं. बंबातलं पाणी उकळीच्या अलीकडे आणलं, त्यात सहा करंडे सोडले, विस्तव धरून ठेवला, संध्याकाळी निखारे ओढून बंबाला गोणपाट गुंडाळलं आणि सकाळपर्यंत हात लावला नाही. एक जरा तिरका झाला, बाकीचे बरे. पट्ट्यांत पाहिले तर रंग जवळजवळ गेलेले. त्यांना मी माझ्या बोटाने तेल लावलं, चांगलं चोपडून. पाच दिवस झाले. एकही बोललेला नाही.

इथवर लिहून पत्र बंद करायचं होतं. पण मागच्या खेपेला ह्यांनी काहीच म्हटलेलं नाही असं लिहिलं होतं, ते चूक निघालं.

मी करंडे आणि पट्ट्या घेऊन ह्यांच्याकडे गेले. म्हटलं, "हे बघा. भावजींनी कळवलंय. डाय ऊन ठेवा आणि जरा थांबा, मग काही होत नाही."

त्यांनी पट्ट्या डोळ्याला लावल्या. बराच वेळ पाहत होते. मग खाली ठेवल्या.

"कुणाला दाखवलंस?"

"कुणाला नाही. आज अंबूताईंना दाखवणार आहे."

"दाखवायचं नाही."

"का?"

"परवा शिवरात्र. जत्रेचा माल कोप्पीकर रोडवर सांगून ठेवलेला आहे. मालात खोट आहे असं आपल्याच घरातून निघालं तर उद्या बादल्यासुद्धा कुणी घेणार नाही."

"आणि लोक माझ्या हाताला बोलतात ते?"

ते शर्टाची बटणं लावत होते. म्हणाले, "लोकांना काहीतरी बोलायला लागतंच. मी त्यांना सांगितलंय, माल उत्तम आहे, एकेकीचा हात असतो."

मी विचारलं, "कुणाला सांगितलंत?"

"दुकानदारांना. दोघातिघांना. चौकशी करायला आले होते."

अंबूताईंचा करंडा तडकला तेव्हाच सांगितलं होतं, भावजी. बायकांनी मेळ घातला असं मी समजत होते. तो त्यांना बाजारातून घरपोच मिळाला होता.

काल धारवाडहून निरोप आला. जयलक्ष्मीबाई फार गोड बोलतात. "विहीणबाईंची दगदग नको. ओटी आमच्या जाऊबाई भरतील. त्यांनी नुसतं येऊन बसावं." निरोप आणणाऱ्याने 'बसावं' हा शब्द दोनदा म्हटला.

मी काय करावं, लिहा.

वहिनी


केशवापूर, हुबळी
शनिवार, ता. २७ फेब्रुवारी १९८२

चि. प्रभंजन भावजी यांस आशीर्वाद.

तुमचं पत्र बुधवारी आलं. तुम्ही स्वतः येऊन बाजारात उभं राहून सांगतो म्हणता. येऊ नका. दोन भाऊ कोप्पीकर रोडवर भांडलेले कमळच्या कानावर या दिवसांत जायला नकोत. "करंडे घेऊन धारवाडला जा, एक तेल लावून तडकलेला आणि एक न तडकलेला समोर ठेवा," ही तुमची दुसरी सूचना मला पटली होती. आता ती होण्यासारखी राहिली नाही. कशी ते लिहिते.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी मी कमळला बघायला धारवाडला गेले आणि दोन दिवस राहिले. जयलक्ष्मीबाईंनी मला झोपाळ्यावर बसवलं, चहा दिला, आणि कमळची वेणी घालायला मी फणी उचलली तेव्हा, "असू द्या हो, माझी झालीच आहेत कामं," म्हणून हातातून घेतली. कमळ ते पाहत होती. बस स्टँडवर पोचवायला आली तेव्हा म्हणाली, "आई, ओटी तूच भर. तुझा हात नको असेल तर मला कुणाचाच नको. मी पाटावरून उठून जाईन, सांगून ठेवते."

"असं बोलू नये गं पोटुशीनं."

"मग तू येशील ना पुढे?"

मी हो म्हटलं, भावजी. पोरीला शब्द दिला.

घरी आले तर गोदाम रिकामं. जत्रेला माल गेलाच नव्हता. ह्यांनी लाइट नसल्याचं सांगून दुकानदारांना थांबवलं आणि सगळी पोती फोडून, चुरा करून, पुन्हा वितळवायला घेतली. बाजारातलेही बदलून देतो म्हणून गोळा करून आणले. फळीवरचे माझे सहा, बंबातून काढलेले, तेही गेले. तडकलेले मी एका डब्यात जपून ठेवले होते, डबा धुऊन पालथा घातलेला.

आणि शेडमधून पुटपुटणं ऐकू येत होतं. मी परसात उभी राहिले. शेगडी पेटलेली, डाय तिच्यावर तापत ठेवलेली. हे दांडा धरून उभे, डोळे मिटलेले, आणि देवाची नावं म्हणत होते. सावकाश, तुमच्या चालीवर. आवाजही भावजी, तुमचाच वाटला. बारा नावं झाली, डाय उघडली, करंडा निघाला. त्यांनी तो हातात धरून जरा वेळ पाहिला आणि गोणपाटावर अलगद ठेवला. आयुष्यात त्या माणसाने असं काही अलगद ठेवलेलं मी पाहिलं नव्हतं.

मी आत जाऊन म्हटलं, "म्हणजे पटलं तुम्हाला."

"काय पटलं? डाय जरा बदलून बघतोय."

"मग बाजारात सांगा ना, चूक डायची होती."

"चूक होती म्हटलं की मागचा सगळा हिशेब माझ्या दारात येईल. जरा समजून घे. तू घरातली आहेस. तुला कोण परत पाठवणार आहे?"

माझ्याकडे न बघता बोलले ते. आणि पुन्हा डाय शेगडीवर ठेवली.

आता बघा काय झालं. नवा माल तेलाला टिकतो. कोप्पीकर रोडवर एका दुकानदाराने गंमत म्हणून खोबरेलात बुडवून ठेवला, काही झालं नाही. गावभर झालं की भीमरावांचा माल बावनकशी. मग तडकले कुणाचे? तर फक्त भीमरावांच्या बायकोने हात लावलेले. ह्यांनी काम सुधारलं, आणि माझ्या बाजूची होती नव्हती ती साक्ष वितळली. अंबूताईंना मी पट्ट्या दाखवायला नेल्या. त्यांनी त्यातून नवा करंडा पाहिला. "कुठे गं रंग? मला तर काही दिसत नाही." आणि माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यापेक्षा पेज गाईला घातलेली परवडली.

रात्रंदिवस मनात एकच चाललं होतं, जुन्या पद्धतीचा एखादा तरी कुठे राहिला असेल. गुरुवारी मिळाला. मशीनच्या पायामागे, कोळ्यांच्या जाळ्यात. पट्ट्यांत धरला आणि बेंबीभोवती ते सगळे रंग उघडले. माझ्या मुलीला भेटल्यासारखा आनंद झाला मला. हा धारवाडला न्यायचा, सगळ्यांसमोर विहीणबाईंनाच तेल लावायला सांगायचं, आणि त्यांच्याच हातात तडकू द्यायचा. मग कळेल.

पिशवीत ठेवताना लक्षात आलं, मी काय करायला निघाले आहे. पाटावर कमळ बसलेली, हिरव्या साडीत, पोटावर हात ठेवून. आणि तिच्यासमोर कुंकवाचा करंडा टच्‌ करून तडकणार, बेंबीपासून वर. तो आवाज तिच्या कानात कायमचा राहील. उद्या बाळाला साधा ताप आला तरी ती मला सांगणार नाही, पण त्या आवाजाकडे वळून बघेल. मी तो करंडा चुलीत टाकला. काळा धूर झाला, वास दोन दिवस घरात होता. ह्यांनी विचारलं, काय जळतंय. म्हटलं, दूध उतू गेलं.

तेव्हा ठरवलं आहे ते असं. शुक्रवारी मी मागे बसणार नाही. पुढे होऊन ओटी मीच भरणार, आणि ओटीत करंडा घालणार, ह्यांनी या आठवड्यात काढलेला, माझ्या बोटाने तेल लावून, माझ्या हाताने कुंकू भरून. जयलक्ष्मीबाई सगळ्यांसमोर हात धरतील तर धरोत. कमळ तो करंडा तिच्या फडताळात ठेवील. चैत्र जाईल, वैशाख जाईल. रोज दुपारी त्या घरातल्या बायका कान लावून बसतील. आणि काही ऐकू येणार नाही. मला माझ्या बाजूने आवाज नकोच आहे. ती शांतताच बोलू दे.

म्हणून त्यातल्या त्यात उत्तम बघून एक निवडला. परवा दुपारी खिडकीशी पट्ट्यांत धरला. काठ स्वच्छ, झाकण स्वच्छ, पाकळ्या स्वच्छ. फक्त तळाला, बेंबीपाशी, एक निळसर पट्टा आहे. केसाएवढा. बंबात एकदा घातला. गेला नाही. पाणी आणखी तापवून पुन्हा घातला, रात्रभर गुंडाळून ठेवला. तरी आहे. दुसरे पाहिले तर त्यांच्यात याहून जास्त. हे बारा नावं पुरी म्हणतात की दुसऱ्या गिऱ्हाईकाचा विचार येऊन शेवटची दोन गिळतात, ते मला शेडबाहेरून ऐकू येत नाही, आणि विचारलं तर ते सांगणार नाहीत. ज्यांनी माझा हात बाजारात नेला, त्यांच्याच थांबण्यावर आता तो अवलंबून आहे.

तुम्ही या कामातले. तेल लावून, कुंकू भरून, बंद फडताळात कमळ बाळंत होईपर्यंत ठेवायचा आहे. तेवढा पट्टा असला तर चालतो का? टिकेल का? धीर द्यायला म्हणून लिहू नका, आहे तेच लिहा. मला गुरुवारच्या टपालाने मिळायला हवं, शुक्रवारी पहाटेच्या बसने निघायचं आहे. पत्र हाती पडताच उलट टपाली कळवा.

तुमची वहिनी,
चंद्रभागा